कर्ता कुठे आहे?

मी लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. मराठीत मला शंभरापैकी पस्तीस होते, तेही सरांनी ओढूनताणून दिलेले. पण माझ्यामुळे सातपुते सर एका मंगळवारी साडेतीन तास वारले होते, आणि हे मीच सांगायला हवं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आबांचं एसटी स्टँडसमोर शिलाईचं दुकान. मी सायन्सला होतो, तरी मराठीचा तास असायचा आणि तो सातपुते सर घ्यायचे. सर कविता म्हणू लागले की मागच्या बाकावरचेसुद्धा मोबाइल पालथे ठेवायचे. माझ्या निबंधांवर मात्र लाल शाईत कायम एकच शेरा : ‘कर्ता कुठे आहे?’ कारण ‘मी’ हा शब्द लिहायलाच मला संकोच वाटायचा. ‘सकाळी कॉलेजला आलो. भीती वाटली.’

“शिंदे, भीती कोणाला वाटली? शेजारच्याला?”

“मला, सर.”

“मग लिही की! घरातला पहिला आहेस तू. तूच वाक्यातून पळालास तर मागून येणाऱ्यांनी कुणाकडे बघायचं?”

त्या एका प्रश्नाच्या जोरावर मी जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठापर्यंत पोचलो. (इथे आल्यावर कळलं की जपानी भाषेत कर्ता गाळला तरी चालतो. देश एकदम आवडला!)

यंदा सर निवृत्त व्हायचे होते. निरोप समारंभात वाचण्यासाठी मी पत्र लिहिलं. ते साध्या पाकिटात कसं घालायचं? दुकानात एक सुंदर जुडगा दिसला : पांढरीशुभ्र पाकिटं, त्यांवर काळी-चंदेरी दोरी, मधोमध डौलदार गाठ. “दहा मिळाली, आबा!” असं मी घरी अभिमानाने कळवलंही. एकावर ‘समारंभातच उघडावे’ असं लिहून ते कॉलेजला धाडलं.

समारंभाच्या दिवशी दुपारी आमच्या लॅबचं ऑफिस सांभाळणाऱ्या मोरी-सान माझ्या टेबलाशी थबकल्या.

“शिंदे-सान, घरी कोण वारलं?”

“कोणी नाही.”

“मग ही नऊ पाकिटं?”

अशी दोरी मयताच्या घरी द्यायच्या पाकिटावर असते म्हणे! मी तसाच बस पकडायला धावलो. (आमच्या तालुक्यात जपानी रीतिरिवाज कुत्र्यालाही ठाऊक नाहीत, हे तेव्हा सुचलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.) घरी पोचेपर्यंत धीर निघेना, म्हणून बसमधूनच आबांना फोन लावला. इथे बसमध्ये फोनवर बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. मी कुजबुजलो. तिकडे शिलाई मशीन खडखडत होतं.

“आबा, सरांकडं गेलंय! शोकाचं! कॉलेजात जाऊन सांगा!”

“आरं, कोण गेलं?”

“सातपुते सर—”

तेवढ्यात ड्रायव्हरने माइकवरून अतिशय नम्रपणे माझी लाज काढली. मी फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा कर्ता वेळेवर सांगितला, आणि नेमका तोच चुकला!

उतरल्यावर अकरा वेळा फोन केला. तो दुकानात वाजत राहिला. आबा अर्धा सदरा मशीनवर सोडून, हार घेऊन कॉलेजात पोचले होते.

“कुणी सांगितलं?” प्राचार्यांनी विचारलं.

“जपानवरनं फोन आला!”

जपानहून आलेला माल खोटा कसा निघेल? सर मोबाइल वापरत नाहीत आणि घराला कुलूप. (समारंभासाठी केस कापायला गेलेले सर तिथून वाचनालयात रमले होते.) हॉल सजलेला, हार आलेले, आणि ‘सातपुते सरांना भावपूर्ण निरोप’ हा फलक तर बदलावाही लागला नाही!

चार वाजता सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. तेवढ्यात ताजे केस कापलेले सर दारातून आत आले. सगळा हॉल उभा बघून ते संकोचले.

“अरे, बसा, बसा!”

दुकानात परतल्यावर आबांनी फोन उचलला. “आरं, सर चालत आलं!”

“चिडले?”

“न्हाई. समद्यांनी खरं सांगितलं, तर पहिल्या रांगंत बसलं आन् म्हणालं, भाषणं चालू द्या.”

“आणि पाकीट?”

“लई झकास! सरांनी खिशात घातलं. आजून नऊ हाईत म्हणून मी सांगून टाकलं.”

तेव्हा कुठे मी आबांना त्या दोरीचा अर्थ नीट सांगितला, आणि त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी सरांच्या कानावर घातला. मग तीन महिने सरांकडून एक शब्द नाही. मी रोज टपालपेटी उघडायचो आणि पिझ्झाच्या जाहिराती घेऊन वर यायचो. ज्यांनी मला बोलायला शिकवलं, ते माझ्याशी बोलायचे बंद झाले, असंच मी धरून चाललो.

गेल्या आठवड्यात जाडसर पाकीट आलं. आत माझंच पत्र! लाल शाईने भरलेलं. ‘आज इथे आहे ते सरांमुळेच’ या वाक्यापुढे : ‘कोण आहे? कर्ता कुठे आहे?’

शेवटी चार ओळी होत्या. ‘भावना पोचल्या. जिवंतपणी एवढं चांगलं कुणाला ऐकायला मिळतं? ता. क. उरलेल्या नऊंपैकी एक माझ्यासाठी जपून ठेव. पाठवायची घाई मात्र पुन्हा करू नकोस.’

त्याखाली गुण होते. म्हणजे सर सुखरूप आहेत, आणि मीही होतो तिथेच : शंभरापैकी पस्तीस!