वेणूचं बोट

बदलापुरात जनूइतका संशयी माणूस शोधून सापडला नसता. दूधवाला डोळ्यांसमोर दूध ओतायचा, तरी हा मापात वाकून बघायचा. स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्याने दोनदा वाचून मग छापायला दिली. लोक हसायचे, पण त्याच्या बापाची सोनिवलीची जमीन एका अंगठ्यावर गेली होती. "दाब रं, काय नाय व्हत," म्हणत सख्ख्या चुलत्यानेच बापाचा अंगठा धरून कागदावर टेकवला होता. तेव्हापासून न वाचलेल्या कागदाला जनू हात लावत नसे.

सत्त्याण्णव साली त्याने स्टेशनजवळच्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर मांडून गेमचं दुकान काढलं. सीडी उल्हासनगरच्या बाजारातल्या, स्वस्त आणि नकली. गेम मशीनवर चढवताना पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा आणि खाली कबुलीचं बटण. ते बघताच जनूने माउसवरचा हात काढला. शेजारच्या दिनानाथ मास्तरांकडून त्याने सगळं वाचून घेतलं.

"गेम विकत घेतलास तरी मालक कंपनीच," मास्तर म्हणाले. "नक्कल करायची नाही, पैसे घेऊन खेळवायचा नाही. तू दोन्ही करतोयस."

"म्हंजे कबूल केलं की अडकलोच!"

दुकान बंद करावं हे काही त्याच्या मनात आलं नाही. त्याने बायकोला हाक मारली. वेणूला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं बोट माउसवर ठेवून तो म्हणाला, "दाब गं, काय नाय व्हत." त्यानंतर प्रत्येक गेम तिच्याच बोटाने चढायचा आणि जनू तेवढा वेळ दाराबाहेर उभा राहायचा. काय ही हुशारी!

चोराच्या मनात चांदणं. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला तो कंपनीचा माणूस वाटायचा. एके दिवशी खरंच आला, हवालदाराला घेऊन.

"हे गेम कोणी टाकले? करार कोणी मान्य केला?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"मी नाय, साहेब," जनू घाईघाईने म्हणाला. "बटन हिनं दाबलं. इचारा तिला."

हवालदाराने जबाबाचा कागद काढला. "बाई, सही येते?"

"अंगठा," वेणू म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "सासऱ्यांना पन असंच सांगितलं व्हतं ना, काय नाय व्हत म्हणून?"

जनूचा चेहरा उतरला. हवालदाराने शाईची डबी उघडली. वेणूने अंगठा पुढे केला, तसा जनूने तो धरला आणि मागे ओढला.

"साहेब, माझं नाव लिवा. सगळं मीच केलंय."

कागद त्याच्यापुढे सरकला. जनूने सही केली, न वाचता.