उपकप्तानबाईंची शिफ्ट

सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचं होतं आणि शनिवारी दुपारी मी हॉलमध्ये पाय वर घेऊन अंतराळात निघाले होते. मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करते. आमचे शिफ्ट इन्चार्ज रिटायर होतायत, त्यांच्यानंतर सीनियर मीच. साहेबांनी विचारलं, मॅडम, घेता का शिफ्ट? घेतली तर हाताखाली सगळे पुरुष, आणि अधूनमधून सेकंड शिफ्ट, म्हणजे बदलापूरला घरी पोचेपर्यंत सगळं घर झोपलेलं.

घरात कुणी नाही म्हणालं नाही. आमच्याकडे ‘नाही’ असं कुणीच म्हणत नाही, तेवढे आम्ही सुधारलेले आहोत. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, तुझं तू बघ. सासूबाई म्हणाल्या, आमचं काय मेलं, आम्ही कसंही भागवू, आणि त्या दिवशी त्या नुसता दहीभात जेवल्या. मला काय समजायचं ते समजलं.

अंगात जरा बळ यावं म्हणून मी लेकीला माझ्या लहानपणची एक मालिका इंटरनेटवर शोधायला लावली. तेव्हा आम्ही उल्हासनगरला चाळीत राहायचो. टीव्ही एकच, शेजारच्या सिंधी काकूंकडे. रविवारी सकाळी अंतराळजहाजाची ही मालिका लागायची. काकू आधी सगळ्यांना पापड आणि पाणी द्यायच्या, मगच टीव्ही लावायच्या. पण नळाला पाणीसुद्धा नेमकं तेव्हाच यायचं, आणि पाणी आलं की पोरींनी उठायचं हा चाळीचा कायदा होता. पोरगे मांडी घालून बसलेले असायचे. हंडा धरायला देवानं त्यांना कंबर दिली नव्हती ना! त्यामुळे एकाही भागाचा शेवट मी पाहिलेला नाही. धाकटा भाऊ नळावर येऊन सांगायचा, तोच माझा शेवट.

अगदी शेवटच्या भागाचंही त्यानंच सांगितलं. जहाजावर उल्का आदळतात, कॅप्टन बेशुद्ध पडतो आणि उपकप्तानबाई एकटी जहाज पृथ्वीवर आणते. त्या बाईच्या जिवावर मी सायन्सला गेले. वडील कॉमर्सवर अडून बसले होते, तेव्हा मी जेवण सोडलं होतं ते तिच्याच भरवशावर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लोक हसतील म्हणून.

लेक कॉलेजात बायकांच्या हक्कांचं असलं काहीतरी शिकते. म्हणाली, आई, जरा फेमिनिस्ट नजरेनं बघ हं. मी म्हटलं, बघू की, मला कसली भीती, आमची बाई जहाज चालवते.

पहिल्याच भागात आमच्या बाईनं कॅप्टनला कॉफी नेऊन दिली. मी म्हटलं, असेल, पहिला दिवस आहे. दुसऱ्या भागात परत दिली. उल्कांचा मारा चाललाय, लाल दिवे भकभकतायत, आणि ही ट्रे सांभाळत येतेय. पुरुषांच्या गणवेशाला खिसेच खिसे, हिच्या गणवेशाला एक नाही, आणि तो इतका घट्ट की बाईला धड वाकता येईना. मंगळावर पोचेपर्यंत केसाची बट हलली नाही ते वेगळंच. जहाजावर दुसरी बाई म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज. तो दिवसभर सगळ्यांचं ऐकायचा आणि गोड बोलायचा. लेक उशीत तोंड खुपसून हसत होती. मी तिला दटावलं, थांब गं, शेवट बघ आधी.

रविवारी शेवटचा भाग लावला. कॅप्टन बेशुद्ध पडला. मी सरसावून बसले. उपकप्तानबाईनं काय करावं? ती त्याच्या उशाशी बसली आणि रडायला लागली. वायरलेसवर खालून विचारलं, आता जहाज कुणाच्या हातात आहे? ही म्हणाली, कुणाच्याच नाही. खालचे म्हणाले, मग त्याला जागं करा. बाईनं त्याला गदागदा हलवून जागं केलं. तो डोक्याला फडकं बांधून उठला, एका हातानं जहाज उतरवलं आणि दुसऱ्या हातानं तिला सावरलं.

लेक हसायची थांबली. माझं तोंड पाहिलं असणार तिनं. मला खरंच रडू येत होतं, आणि लाजही वाटत होती, या वयात मालिकेपायी रडायची. कुणाच्या जिवावर मी जेवण सोडलं होतं!

भाऊ अजून तिकडेच, उल्हासनगरजवळ विठ्ठलवाडीला असतो. तडक त्याला फोन लावला आणि झापलं, की तिनं जहाज चालवलंच नाही, कॅप्टन शुद्धीवर येतो.

"असं होय?" तो म्हणाला. "मला काय माहीत. त्या दिवशी मध्येच लाइट गेलेली. शेवट कुणीच नाही बघितला."

मग तिनं चालवलं असं मला का सांगितलंस, मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना.

"अगं, कॅप्टन बेशुद्ध होता ना? मग दुसरं कोण चालवणार?"

मी फोन ठेवला. तेव्हा तो दुसरीत होता, नाकातला शेंबूड स्वतःचा स्वतः पुसता येत नव्हता. पण मालिका लिहिणाऱ्या शहाण्यांना न सुचलेलं त्याला सुचलं होतं, आणि तेही एवढं साधं, की त्यात काही विशेष आहे असं त्याला आजही वाटत नव्हतं.

सोमवारपर्यंत थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. साहेबांना मेसेज टाकला, शिफ्ट घेते. मग जेवताना घरात सांगितलं.

नवऱ्यानं ताटात आणखी एक पोळी घेतली. मग सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "घे हो, घे. पण सेकंड शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?"

मी नवऱ्याकडे बघितलं. चांगला शुद्धीवर होता.