यमूच्या बाजासाठी धार ते देवास

आमच्या यमूला बोलताना शब्द अडतात, सूर मात्र अडत नाही. धारेच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत एका शिपायाला ओठांवर सरकवत वाजवायचा तोंडाचा बाजा वाजवताना पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचेना. असा विलायती माल देवासच्या एका बोहऱ्याकडे मिळतो, असं तिथंच राहणाऱ्या माझ्या भावानं कळवलं. यांना कचेरीतून रजा मिळेना, तेव्हा मीच पोरीला घेऊन टांग्यात बसले.

मुलांना घेऊन जाणार असाल तर पहाटेच निघा आणि खाली जाड गोधडी घाला. रस्ता हाडं मोजतो. चंबळेकाठी घोड्यांना पाणी दाखवलं, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मुक्काम इंदुरास नणंदेकडे. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना देवासची माताजीची टेकरी दिसली, तशी यमू टांग्यात उभीच राहिली.

दुकानदार म्हातारा, हसतमुख. त्यानं झाकणाची चकचकीत पेटी उघडून एक मोठा बाजा काढला. "बाई, यो बड़ो ले लो, घणो सुरीलो है!"

भावालाही तोच आवडला. पण यमूच्या हातांत तो मावेना. फुंकर मारली की दोन-तीन सूर एकदम गलबला करीत. मग तिनं कोपऱ्यातला साधा, दहा भोकांचा बाजा मागितला. एकेक भोक फुंकून पाहिलं, मग श्वास आत ओढून पाहिलं. मधेच थांबली.

"ह्या... ह्याचा एक सू..."

भाऊ म्हणाला, "सूर आवडला ना? द्या हो बांधून."

यमूनं नकारार्थी मान हलवली. मी भावाचा हात दाबला. दुकानदारानंही दोरा खाली ठेवला. कुणी घाई केली नाही.

"एक सूर... मु... मुका आहे. दु... दुसरा द्या."

दुकानदारानं ओठांशी धरून फुंकलं. खरंच, एका भोकातून नुसती हवा येत होती. त्यानं नवा काढून दिला. "बिटिया, इसको भी परख लो," म्हणाला. तिनं सगळी भोकं पारखली आणि मगच हसली. भर बाजारात माझी छाती अशी फुगली की भाऊ म्हणाला, "ताई, लुगडं सांभाळ!"

परतताना इंदूरपर्यंत तिनं टांगेवाल्याचं माळवी गाणं तुकड्या-तुकड्यांनी जुळवलं. तो प्रत्येक चुकीवर "फेर से, बेटा," म्हणत होता.

धारेला पोचलो तेव्हा हे ओसरीवरच होते. "काय, मिळाला का बाजा?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार, तोच यमूनं माझा पदर ओढला.

"मी... मी सांगते."

चंबळ, टेकरी, मुका सूर, दुसरा बाजा, सगळं तिनं सांगितलं. वेळ लागला. देव्हाऱ्यातली सांजवात लावायची राहिली. यांनी एकदाही शब्द पुरवला नाही. सांगून झाल्यावर ते उठले, शेजारच्या अण्णांना हाक मारली, "अहो, जरा इकडे या. आमची यमू देवासची हकीकत सांगतेय."

आणि यमूनं पहिल्यापासून सुरुवात केली.