बूम ना पाडो, भाई

जळगाव स्टेशनावर आम्ही दोघा भावांनी एकाच फडक्यातल्या भाकरी वाटून घेतल्या आणि दोन गाड्यांत चढलो. थोरला दगडूदादा मुंबईला, मी सुरतेला. माय अहिराणीत एवढंच म्हणाली, "एकमेकनी खबर लेत ऱ्हा रे." खबर घ्यायला काय काय सोसावं लागतं, तिला बिचारीला काय ठाऊक!

दादा मस्जिद बंदरच्या धान्यबाजारात गोण्या वाहायला लागला. मी सुरतेच्या डिंडोलीत खोली घेऊन लूमच्या कारखान्यात लागलो. तिथं सगळे लूम एकदम खडखडतात, शेजारच्याशी बोलायचं तरी छातीतून ओरडावं लागतं. मग तोच आवाज अंगवळणी पडतो. गावी आलो की तुम्ही हसता ना, "हा भांडतोय का?" म्हणून? नाही बाबांनो, नुसतं पाणी मागत असतो.

त्र्याण्णवच्या मार्चात मुंबईत बॉम्ब फुटले. बातम्यांत दादाच्या धान्यबाजाराचंही नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एसटीडी बूथवर उभा. दादाच्या पेढीचा फोन लागेचना. शेजारच्या पानगल्ल्यावर, म्हणजे आपल्या पानटपरीवर, रेडिओ मोठा करून ठेवलेला. चार विद्वान थेट चर्चा करत होते, लोक फोनवरून मतं देत होते. कुणी म्हणे फाशी द्या, कुणी म्हणे फौज आणा. गल्ल्यावरची मंडळी मॅच असल्यासारखी टाळ्या पिटत होती. जखमी कुठल्या दवाखान्यात नेले, ते एक जण सांगेल तर शपथ!

शेवटी मी रेडिओवाल्यांचाच नंबर फिरवला. तो मेला लगेच लागला! मोडक्या गुजरातीत विचारलं, माझा भाऊ त्या बाजारात हमाल आहे, जखमींची यादी कुणाकडे मिळेल? चर्चा चालवणारा म्हणाला, "बूम ना पाडो, भाई." ओरडू नका म्हणे! अरे, तो माझा रोजचा आवाज होता. विषयावर बोला, असं सुनावून त्यानं फोन तोडला. गल्ल्यावर कुणीतरी हसलं, "पीधेलो लागे छे." प्यायलेला वाटलो मी त्यांना. रेडिओवर तोवर एक विद्वान जनतेला संयम शिकवायला लागला होता.

बॉम्ब ठेवणाऱ्यांवर राग होताच. पण त्या गोड, सभ्य आवाजावर आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि मला तो उतरवायचाही नाही.

आठव्या दिवशी दादाच दारात उभा राहिला. मी रडत रडत काय काय विचारलं, तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. स्फोटानं त्याचे कान जवळजवळ गेले होते. मग मी कारखान्यातल्यासारखा छातीतून ओरडलो, "दादा, जेवलास का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि भडभडून रडला.

तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. माझी पोरं गुजराती शाळेतली, "पप्पा, धीमे बोलो" म्हणतात. मी ऐकत नाही. गाव सुटलं, सुरत धड आपली झाली नाही. घर कुठलं विचाराल, तर डिंडोलीची ही एवढीशी खोली. इथं मी बूम पाडतो आणि दादाला ऐकू येतं.