एका दिवसाची पाहुणी

ते घर लहानपणापासून माझ्या डोळ्यांत खुपतं. आता त्याला एसी बसले, रंगीत काचा नव्याने जडवल्या, फाटकावर ‘व्हिक्टोरियन हेरिटेज होम’ अशी पाटी लागली, तरी ते खुपायचं थांबलेलं नाही.

सातपाटीच्या रस्त्याला, नारळीच्या वाडीत ते उभं आहे. कुणा इंग्रजाने बांधलेलं, पुढे मुंबईच्या एका शेठकडे आलेलं. माझी आई तिथे वीस वर्षं कामाला होती. मागच्या पडवीत बंब पेटवायचा आणि शेठच्या माणसांच्या आंघोळीसाठी कढत पाण्याच्या बादल्या वर न्यायच्या, त्याही मागच्या अरुंद जिन्याने. पुढचा सागवानी जिना रोज पुसायची तीच, पण हातात फडकं असलं तरच त्यावर पाय ठेवायचा. तिथल्या एकाही खुर्चीवर ती कधी बसली नाही.

शेठ गेले, घर विकलं गेलं. नव्या मालकीणबाईंनी ते डागडुजी करून पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढलं. मी तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे, सालवडला राहते. फोनवर त्या घराचे फोटो दिसले आणि माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी वरची मोठी खोली आईसाठी आणि माझ्यासाठी ठरवून टाकली. आईने त्या घरात एक दिवस पाहुणी म्हणून राहावं, पलंगावर लोळावं, दुसऱ्याने आणून दिलेला चहा प्यावा, एवढंच मला हवं होतं. आणि ते मला फार हवं होतं.

पालघर स्टेशनवरून रिक्षाने गेलो. उतरल्याबरोबर आई घराला वळसा घालून मागे निघाली. मी तिला विहिरीपाशी गाठलं.

“आये, पुढून!”

“पायाला धूळ हाय गो,” ती म्हणाली आणि नळावर पाय धुऊनच आली.

मालकीणबाईंनी आम्हाला घर फिरवून दाखवलं. फरशी कुठली, छताची कोरीव पट्टी कशी जपली, सगळं माझ्या आईला समजावून सांगत होत्या. माझ्या आईला! ती पण मुकाट माना डोलवत होती. मला दोघींचा राग आला. वर न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता, तोटी फिरवली की गरम पाणी. मी मोठ्या ऐटीत तोटी फिरवून दाखवली.

आईने टबाच्या कडेवरून बोट फिरवलं. “याला घासायचं म्हंजे कंबर मोडत असंल कुनाची तरी,” म्हणाली.

आंघोळ तिने टबात उभ्याने, पाच मिनिटांत उरकली आणि मग सगळं न्हाणीघर कोरडं पुसून काढलं. “पुसू नकोस!” म्हणत मी दारावर थापा मारत राहिले.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर आई पलंगावर नव्हती. पुढच्या जिन्यावर उकिडवी बसली होती, पदर खोचलेला, आणि स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या नारळाच्या चोथ्याने कठडा घासत होती. दूध काढून उरलेल्या चोथ्याने सागवान असं चोळायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, ही तिची पूर्वीची पद्धत. मालकीणबाई तिचा व्हिडिओ काढत होत्या.

“बाय, चकचकीत पॉलिश मारलंत तुमी, पन खाऱ्या वाऱ्यात ते नाय टिकत. बगा, पांढरं पडलंय,” आई त्यांना सांगत होती.

“मावशी, तुम्ही दर आठवड्याला येत जा ना! आमच्या लोकांना शिकवा.”

“आई इथे पाहुणी म्हणून आली आहे,” मी वरूनच ओरडले.

“हो, अर्थात,” असं म्हणून बाईंनी व्हिडिओ चालूच ठेवला.

मी खाली जाऊन आईच्या हातातला चोथा हिसकावला. अर्धा जिन्यावर सांडला. बाई हळूच आत सटकल्या.

“लाज नाही वाटत तुला?” मी म्हणाले. “तुला इथे मानाने बसवायला आणलं ना मी?”

आईने सांडलेला चोथा गोळा केला. घाई न करता, एकेक पायरी पुसत.

“सकाळपासनं बसून होते तर घर परकं वाटत होतं. आता जरा ओळखीचं झालेलं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला कुटं बसायचं होतं? तुला मला बसवलेलं बगायचं होतं. आनि ज्यांच्या नाकावर टिच्चून बसवायचं होतं ते शेठ तर कदीच मेले.”

ती पुन्हा कठड्याकडे वळली आणि मी तिच्या वरच्या पायरीवर, पाहुण्यासारखी, हात मांडीवर ठेवून बसून राहिले.