एका ‘येस’च्या भरवशावर : जळगाव ते साक्री, तिसरा गिअर हातात धरून

साक्रीला जायचं ठरलं ते एका शब्दावरून. नव्वदच्या आसपासचा हिवाळा होता. जळगावातल्या एका एसटीडी बूथमधून मी साक्रीच्या एका किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने शेजारून शैलाला बोलावून आणलं. मागे कसली तरी घरघर चालू होती. बूथच्या काचेबाहेर दोघं खोळंबले होते, मीटरवरचे लाल आकडे पळत होते, म्हणून मी प्रस्तावना न करता विचारून टाकलं, माझ्याशी लग्न करशील का. पलीकडून स्वच्छ आवाज आला, “येस.” आणि फोन ठेवला गेला.

शैला आमच्या वर्गातली. हजेरीला “येस सर” म्हणायची तो आवाज मी दीड वर्ष मागच्या बाकावरून ऐकला होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत सर मला सगळ्यांसमोर काहीतरी बोलले, मी हातातली काचनळी फरशीवर आपटली आणि बाहेर पडलो. माफी माग, म्हणाली होती ती. मी मागितली नाही, कॉलेजच सोडलं; तिची प्रॅक्टिकलची वही माझ्याकडेच राहिली. पुढे तिच्या वडिलांची बदली साक्रीला झाली, म्हणजे त्यांच्या मूळ गावाकडेच. मी एका गॅरेजात तीन महिने पाने फिरवले आणि आपण मेकॅनिक झालो असं समजून चाललो होतो.

मामांची एक जुनी गाडी होती, स्टेअरिंगजवळ गिअरची दांडी असलेली. नाव सांगत नाही, म्हातारीची बदनामी नको. मामांकडे चावी मागितली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की तिसरा गिअर सुटतो, दांडी धरून ठेव. कुठे चाललास ते विचारलं नाही. त्या चांगुलपणाचा मी पुरेपूर फायदा घेतला.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. हा रस्ता तुम्ही आता कराल तर दीडेक तासात धुळे गाठाल. तेव्हा एकेरी डांबर होतं, कडेला लिंबाची झाडं, समोरून केळीचे ट्रक. ट्रक आला की अर्धी गाडी मातीत उतरवायची, ही रीत होती. थंडी इतकी होती की गिरणा नदीच्या पुलावर काच खाली केली आणि लगेच वर केली. पूल संपला, दोन दणके बसले आणि समोरचा तापमानाचा काटा एकदम लाल पट्ट्यावर जाऊन बसला.

गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं. पाणी काठोकाठ होतं. एक पेलाही बसला नाही. शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं. मी मात्र अर्धा तास इंजिन थंड होऊ दिलं, मग निघालो. एरंडोलच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा थांबलो, पुन्हा झाकण, पुन्हा काठोकाठ पाणी. आता मला थर्मोस्टॅटचा संशय आला, मग पंपाचा, मग थेट हेड गॅस्केटचा. गॅरेजात जेवढे शब्द शिकलो होतो तेवढे सगळे आजार मी त्या गाडीला लावून पाहिले.

पारोळ्यात एका टपरीवर गरम भजी आणि चहा घेतला. खिशाला झेपेल असं खाणं त्या रस्त्यावर तेव्हाही मिळायचं, आजही मिळतं. शेवभाजी खायची असेल तर मात्र धुळ्यापर्यंत दम धरा. टपरीवाल्याने पुसून चकचकीत केलेल्या गाडीकडे पाहून विचारलं की लग्नाची का. मी हो म्हटलं. खोटं बोललो असं वाटलंसुद्धा नाही.

पारोळा सोडल्यावर तिसरा गिअर जास्तच सुटायला लागला. उतारावर पाय उचलला की खट्‌ आवाज, दांडी हातातून निसटून न्यूट्रलला. एका हाताने दांडी दाबून धरायची, एका हाताने स्टेअरिंग, डोळा काट्यावर. गिअरबॉक्सचे दात झिजले, हे मी मनाशी नक्की केलं. मामांना काय तोंड दाखवू, हाही विचार आला. पण शैला गाडीत शेजारी बसलीय आणि मी एका हाताने गाडी चालवतोय, हा विचार त्याहून जास्त वेळ टिकला.

धुळ्यात शिरताना रस्त्यालगत पत्र्याचं एक गॅरेज दिसलं. मागेच घर. मालक साठीचे, सगळे त्यांना नाना म्हणत. मी उतरल्या उतरल्या सांगितलं की गॅस्केट उडालंय, गिअरबॉक्स गेलाय, मला दोन तासांत साक्री गाठायचीय, जमत असेल तर हात लावा. नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. इंजिनावरून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप मुठीत धरला आणि धरूनच ठेवला.

“काटा हळूहळू वर गया का एकदम?”

एकदम, मी म्हटलं. दणका बसला की.

“पानी हळूहळू तपस भाऊ. उडी नही मारस.” मग पाइप सोडून म्हणाले, “इंजन बराबर शे. काटा गरम शे, आन तुमनं डोकं गरम शे.”

इंजिनाच्या माथ्यावर बोटाएवढा सेन्सर असतो, त्यातून एकच वायर काट्याकडे जाते. नानांनी ती वायर सेन्सरवरून काढली. सेन्सरमुळे काटा चढला असता तर आता खाली यायला हवा होता. नाही आला. म्हणजे सेन्सरचा दोष नाही, वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकतेय. चाचपत गेले आणि पत्र्याच्या भोकापाशी सालपट निघालेली तार मला दाखवली. टेप गुंडाळली, वायर परत लावली, काटा मध्यावर आला. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: काट्यावर विश्वास ठेवण्याआधी पाइपला हात लावा, हात टिकला तर इंजिन उकळलेलं नाही.

गिअरसाठी त्यांनी मला आत बसवलं आणि दांडी हलवायला सांगितली. स्वतः बॉनेटखाली वाकले. माझी दांडी पूर्ण तिसऱ्यात जात होती, पण गिअरबॉक्सवरचा लोखंडी हात जेमतेम पाऊण सरकत होता. मधल्या सांध्याचा बुश, म्हणजे आतलं कडं, झिजून ढिला झाला होता. गिअर पूर्ण बसतच नव्हता, म्हणून सुटत होता. दात शाबूत. नाना खाली शिरले आणि जुना बुश काढू लागले.

तेवढ्यात घरातून बाईंचा आवाज आला, “जेवन थंडं व्हई ऱ्हायनं.”

“येस वं, येस,” नाना गाडीखालून म्हणाले.

मला हसू आलं. म्हटलं, “नाना, घरात इंग्रजी बोलता?”

“इंग्रजी कसानी?” पाना ठोकत ते म्हणाले. “येस म्हंजे येस. तुमना मराठीमा, येतो.”

मी यावलचा. आमच्याकडची बोली वेगळी. जळगावात अहिराणी कानावर पडायची, पण शैला आमच्याशी पुस्तकी मराठीच बोलायची. घरी ती काय बोलत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून होतो आणि त्या फोनमागची घरघर मला आता नीट ऐकू येत होती. त्या घरघरीत तिला कोणीतरी हाक मारली असेल.

नानांनी नवा बुश बसवला, हात पुसले, म्हणाले, “बठ्ठं बराबर शे. जा आते साक्री.” बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं मला कळत होतं.

मागे फिरता आलं असतं. फिरलो नाही. कुसुंबा, नेर मागे टाकलं. डावीउजवीकडे कोरडवाहू रानं, पुढे निळसर डोंगर. रस्ता तिथून सुंदर होतो, पण त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिसरा गिअर जागचा हलत नव्हता. तरी मी दांडीवरचा हात काढला नाही.

साक्रीत किराणा दुकान लगेच सापडलं. त्याला लागून पिठाची गिरणी. आणि गिरणीतून डबा कमरेवर घेऊन शैलाच बाहेर येत होती. भुवयांवर पीठ.

“तू इकडे?” मग लगेच म्हणाली, “परवा फोनवर काय म्हणत होतास? गिरणीमुळे काही कळलं नाही. आई हाका मारत होती म्हणून ठेवला.”

गिरणीवाल्याने नेमका तेव्हाच पट्टा थांबवला. दुकानदार पुढे वाकला. ओट्यावर बसलेल्या दोन बायकांनी माना वळवल्या. ती डबा सावरत वाट पाहत होती. जो माणूस सरांसमोर काचनळी आपटू शकला, त्याला चार शब्द पुन्हा उच्चारता आले नाहीत.

“तुझी प्रॅक्टिकलची वही माझ्याकडे राहिलीय,” मी म्हटलं. “पाठवू का, विचारत होतो.”

“तेवढं विचारायला गाडी घेऊन आलास?”

“ट्रायल घेत होतो.”

तिने भुवयांवरचं पीठ मनगटाने पुसलं. मग म्हणाली, “राहू दे वही तुझ्याकडे.”

तिच्या घरी चहा झाला. वडील चांगले बोलले, गाडी किती पळते ते विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कॉलेजचं काय केलंस, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, बघू.

परतीच्या वाटेवर गाडीने एकदाही त्रास दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान थांबून मागे वळायचा विचार करता आला असता. धुळ्याला शेवभाजी मागवली आणि अर्धी टाकली.

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणली. खूश होते. मिस्त्री चांगला भेटला म्हणाले, आणि मग सहज विचारलं, तुझं काम झालं का.

“विचारायचं राहिलं,” मी म्हटलं.

“मग पुढच्या रविवारी जा. चावी खुंटीलाच असते.”

मी त्या रविवारी गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिने काय उत्तर दिलं असतं, ते मला आजही माहीत नाही. गाडी ठणठणीत होती, रस्ता पाठ झाला होता, कोणी अडवलं नव्हतं. न जाण्याला माझ्याशिवाय दुसरं कुठलंही कारण मला कधी सापडलं नाही.