जीपमधल्या जांभया
चिंच फोडताना आंबट वास आला की मला लोहाऱ्याहून गावी येणारी ती दुपारची जीप आठवते. मनाला सतत लागून राहिलेल्या भीतीसाठी डॉक्टरांनी मला नुकत्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि झोप नसतानाही जांभया यायच्या. गोळ्या बंदच कराव्यात, असं माझ्या मनात चाललं होतं. दाटीवाटीत मी जांभई दिली, तशी समोरच्या मास्तरांनी दिली, मग मागच्या बाकावरच्यांनी आणि शेवटी ड्रायव्हरनं. मला गंमतच वाटली. "कोण झोपवायलंय ओ समद्यांला?" ड्रायव्हर ओरडला. "मीच," मी बोलून गेले, "भीतीवरची गोळी चालू हाय, तिच्यामुळं." मग शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "तोंडबी वाळतंय का बाई? माज्या लेकीचं लई वाळायचं. थांबलं हळूहळू." आणि पदरातली चिंच माझ्या हातावर ठेवली. उतरल्यावर ध्यानात आलं, जीपमध्ये बसताच सुरू होणारी छातीतली धडधड आज झालीच नव्हती. गोळ्या मी चालू ठेवल्या. धडधड गोळीनं थांबली की मोठ्यानं सांगून टाकल्यानं, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "मलाही सांगता येणार नाही." आता त्यांच्याच सल्ल्यानं गोळ्या बंद झाल्यात, पण हे कोडं मी अजून सोडवतेच आहे.